सीवर्डचे बंदर आणि एक्झिट हिमनदी : तीन रात्रींचा मुक्काम कसा वापरावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपण पती-पत्नी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे अलास्कातील सीवर्ड या मासेमारीच्या गावी तीन रात्री राहणार आहात. अँकरेजहून रेल्वेने जाणार आणि चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परतणार. गाव पाहायचे आहे, हिमनदीपर्यंत चालत जायचे आहे, तर कोणत्या दिवशी काय करावे, बर्फावर पाय ठेवता येईल का, अस्वलांची भीती कितपत बाळगावी आणि सह्याद्रीतल्या भटकंतीचा अनुभव तेथे पुरतो का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सिएटलमध्ये राहतो आणि गेली अनेक वर्षे दर उन्हाळ्यात मराठी मंडळींचे लहान गट घेऊन या भागात जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. हिमनदीच्या चढाईचा दिवस पुण्यातून ठरवू नका. दुसरा आणि तिसरा असे दोन्ही पूर्ण दिवस मोकळे ठेवा आणि त्यांतला जो उघडा निघेल त्या दिवशी वर जा. आगाऊ पक्के करायचे असेल तर नावेचे तिकीट करा, कारण नाव पावसातही सुटते आणि ढगांखालूनही समुद्रातले बरेच काही दिसते; वरच्या वाटेवर मात्र ढग उतरले की सात-आठ तास चालून हाती धुके येते. सीवर्डमध्ये पाऊस हा अपवाद नसतो. अलास्काच्या आखातावरून येणारे दमट वारे थेट डोंगरांवर आदळतात आणि वर चढताना ओलावा टाकून देतात. शाळेत आपण जो प्रतिरोध पाऊस शिकलो, कोकणातून घाटमाथ्यावर चढणारा, तोच हा प्रकार. फरक इतकाच की येथे उंचावर तो वर्षातला बहुतेक काळ हिमाच्या रूपाने पडतो आणि उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. ज्या हार्डिंग हिमक्षेत्राकडे, म्हणजे एक्झिट हिमनदी जेथून खाली उतरते त्या उंचावरच्या बर्फाच्या पठाराकडे, आपण जाणार आहात, ते याच न वितळलेल्या हिमाचे आहे. त्यामुळे पावसाबद्दल तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही.

मी स्वतः हा धडा महागात शिकलो. सुरुवातीच्या एका वर्षी मी सहा जणांच्या गटासाठी प्रत्येक दिवसाचे वेळापत्रक छापून नेले होते. लख्ख उन्हाच्या दिवशी आम्ही वेळापत्रकाप्रमाणे मत्स्यालयात फिरलो आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा वेळापत्रकाप्रमाणेच, ढगात चढलो. वाटेच्या शेवटी पोचलो तेव्हा समोरचा माणूसही धूसर दिसत होता. ठाण्याच्या एक काकू त्या पांढऱ्या भिंतीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “इतके तर मला माळशेजला गाडीत बसून दिसते.” त्यानंतर मी वेळापत्रक छापणे सोडून दिले.

आता गावाविषयी. सीवर्ड हे जेमतेम पावणेतीन हजार वस्तीचे गाव रेझरेक्शन उपसागराच्या टोकाशी, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. गावाला नाव मिळाले ते विल्यम सीवर्ड यांचे, ज्यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री असताना १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेण्याचा करार केला. वस्ती मात्र १९०३ मधली आहे आणि ती येथेच होण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे : हे बंदर हिवाळ्यात गोठत नाही, म्हणून अंतर्भागाकडे जाणारी रेल्वे येथून सुरू करायचे ठरले. आपण ज्या गाडीने येणार आहात ती त्याच मार्गावरची आहे. ती अँकरेजहून सकाळी सातच्या आत सुटते, अकराच्या सुमारास सीवर्डला पोचते आणि संध्याकाळी सहाला परत निघते. आपल्या साऱ्या योजनेला या वेळांची चौकट आहे.

गावात उतरल्यावर आपल्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. जुनी बाजारपेठ दक्षिणेला आणि नावांचे बंदर उत्तरेला, मध्ये सुमारे दोन किलोमीटरचे अंतर आणि त्या अंतरात पाण्याच्या काठाने तंबू व फिरती घरे उभी करण्याची मोकळी जागा. मासेमारीचे गाव आपल्या धक्क्यापासून इतके दूर का राहील? याचे उत्तर २७ मार्च १९६४ च्या संध्याकाळी आहे. त्या दिवशी झालेला ९.२ तीव्रतेचा भूकंप हा उत्तर अमेरिकेत नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप होय. सीवर्डचा किनारा, त्यावरच्या धक्क्यांसह, घसरून पाण्यात गेला. तेलाच्या टाक्या फुटून पेटल्या आणि मागून आलेल्या लाटांनी ते जळते तेल गावात आणले. नंतर नावांचे बंदर उत्तरेला नव्याने बांधण्यात आले आणि घसरलेल्या किनाऱ्यावर पुन्हा इमारती उभ्या करण्याऐवजी ती जागा मोकळी ठेवण्यात आली. त्या काठाने पायवाट आहे. सासूबाईंना चालण्याची सवय असेल तर पहिल्या दिवशी दुपारी सामान टाकून ही दोन किलोमीटर सपाट वाट सावकाश चालावी; समोर उपसागर, पलीकडे हिमाच्छादित शिखरे आणि पाठीमागे गावावर झुकलेला माउंट मॅरेथॉन. या डोंगरावर दरवर्षी ४ जुलैला धावण्याची शर्यत होते. एका तासात वर जाऊन परत येता येईल का, या पैजेतून ती निघाली असे गावकरी सांगतात आणि १९१५ पासून ती रीतसर भरते. शर्यतीची वाट अतिशय उभी आणि निसरडी आहे. आपल्या मुलाला ती पाहून खुमखुमी येईल, पण तिच्या नादी लागू देऊ नका.

याच वाटेच्या दक्षिण टोकाला अलास्का सीलाइफ सेंटर आहे. त्याला नुसते मत्स्यालय म्हणणे अन्यायाचे आहे. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ या जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर जी भरपाई वसूल झाली, तिच्या काही भागातून हे केंद्र उभे राहिले आणि १९९८ मध्ये उघडले. जखमी किंवा आईपासून दुरावलेले सील आणि पाणमांजरे येथे सांभाळली जातात. पावसाच्या दिवसासाठी ही जागा राखून ठेवा.

बंदरावर मात्र पहिल्याच दिवशी संध्याकाळी जा, साधारण चार ते सहाच्या दरम्यान. त्या वेळी भाड्याच्या मासेमारी नावा परत येतात. धक्क्यावर लाकडी चौकटी उभ्या असतात, त्यांना ओळीने आकडे असतात आणि वर नावेचे नाव लिहिलेले असते. त्या आकड्यांना दिवसभरात मिळालेले मासे टांगतात, पकडणारे शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि मग मासे कापण्याच्या मेजावर जातात. हॅलिबट हा मासा तेथे जवळून पाहा. तो आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, एक अंग काळसर तपकिरी आणि दुसरे पांढरे शुभ्र. आकाराने मात्र कधीकधी माणसाएवढा. कापणारा मुलगा पाठीच्या मध्यरेषेवरून सुरी एकदा खोल ओढतो, मग ती काट्याला लावून दोन्हीकडे सरकवतो, मासा उलटतो आणि तेच पुन्हा करतो. एका माशाचे चार लांब, हाडविरहित तुकडे निघतात. शेवटी तो डोक्याकडे वळून गालांचे दोन छोटे गोल तुकडे काढतो, कारण जाणकार त्यांच्यावर टपलेले असतात. हे सर्व दोन-तीन मिनिटांत होते. खाली पाण्यात समुद्रपक्ष्यांचा गलका चालू असतो आणि पलीकडे एखादे पाणमांजर पाठीवर पडून, छातीवर शिंपला ठेवून तो फोडत असते. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाची गजबज ज्यांनी पाहिली आहे त्यांना येथे ओरडा कमी वाटेल, कारण हे मासे विकायचे नसतात. ते ज्याने गळाला लावले त्याचेच असतात. व्यावसायिक मासळीचा व्यवहार वेगळ्या धक्क्यावर, प्रक्रिया कारखान्याशी होतो.

येथे एक खुलासा. सामन म्हणजे आपला रावस, असे पुष्कळ मराठी लोक मानतात, कारण रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ असे नाव पडले आहे. प्रत्यक्षात दोघांचे कूळ वेगळे आहे. आपल्या मुलाला गळ टाकून पाहायचा असेल तर सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर परदेशी पाहुण्यालाही परवाना घ्यावा लागतो. तो अजून पंधराचा आहे, म्हणून त्याला लागणार नाही, आपल्याला मात्र लागेल.

आता मुख्य विषय. आपल्याकडे हिमनदी म्हटले की गोमुख आठवते, म्हणजे गंगोत्रीहून पुढची चाल आणि सुमारे चार हजार मीटरची उंची. सीवर्डचे वैशिष्ट्य असे की येथे हिमनदीचे तोंड समुद्रसपाटीपासून काहीशे मीटरवरच आहे आणि गावापासून गाडीने अर्ध्या तासात तेथे पोचता येते. म्हणजे विरळ हवेचा त्रास हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न राहतो तो चढ, ओल आणि थंडी यांचा. केनाय फियॉर्ड्स राष्ट्रीय उद्यानातील ही एक्झिट हिमनदी होय. हार्डिंग हिमक्षेत्र पार करण्याची पहिली नोंदलेली मोहीम १९६८ मध्ये या हिमनदीवरून खाली उतरली, म्हणून तिचे नाव ‘बाहेर पडण्याची’ हिमनदी असे पडले. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. गावातून उन्हाळ्यात प्रवासी गाड्या जातात. त्यांची परतीची शेवटची वेळ चढायच्या आधी विचारून ठेवा, कारण तेथे मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. खाण्यापिण्याचे दुकानही नाही.

रस्त्याने जाताना आणि पुढे पायवाटेवर आपल्याला वर्षांचे आकडे लिहिलेले लहान फलक दिसतील : १९१७, १९२६, १९५१, पुढे २००५, २०१०. त्या-त्या वर्षी हिमनदीचे तोंड त्या फलकापाशी होते. १८१५ च्या सुमारास ती सर्वांत पुढे आली होती, तेव्हापासून दोन किलोमीटरांहून जास्त मागे हटली आहे. या फलकांमधली झाडी पाहत चला, कारण ती एखाद्या दिनदर्शिकेसारखी आहे. जुन्या वर्षांच्या फलकांजवळ स्प्रूसचे उंच, काळोखे वृक्ष आहेत. पुढे कॉटनवुड आणि आल्डर लागतात. शेवटी दगडांत रुजलेली झुडुपे आणि मग उघडा खडक, ज्यावर बर्फाने दगड ओढत नेल्याचे समांतर चरे दिसतात. वाटेत जे लांबट, दगडगोट्यांचे बांध लागतात ते हिमोढ, म्हणजे बर्फाने आणून टाकलेला माल. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी हवामानबदलाविषयी बोलण्यासाठी हीच जागा निवडली होती. पूर्वी खालच्या वाटेने बर्फाच्या अगदी जवळ जाता येई. आता हिमनदी वर सरकल्यामुळे ती समोरच्या कड्यावर दुरून पाहावी लागते.

सासूबाईंसाठी येथे दीड-दोन किलोमीटरची सपाट फेरी आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी. त्यापुढे खडकाळ चढाने हिमनदीच्या दर्शनस्थळापर्यंत जाणारी वाट आहे. माहितीकेंद्रापासून जाऊन-येऊन सुमारे साडेतीन किलोमीटर. पर्वती न थांबता चढत असतील तर ही दुसरी वाटही त्यांना जमेल. आपण दोघांपैकी एकाने त्यांच्यासोबत खाली राहावे आणि दुसऱ्याने मुलासह वर जावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. मोकळे दोन्ही दिवस उघडे मिळाले, तर दुसऱ्या दिवशी अदलाबदल करता येते.

वरची वाट ही हार्डिंग हिमक्षेत्राची वाट. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर आणि चढ हजार मीटरांहून थोडा जास्त. बारी गावातून कळसूबाईला जेवढे चढतो, त्याच्या थोडे वर. सहा ते आठ तास धरावेत. पहिला टप्पा दाट झाडीतला, दगडी पायऱ्यांचा आणि ओढ्यांचा आहे. साधारण एक तृतीयांश वाट संपल्यावर मार्मट मेडोज नावाचे कुरण लागते आणि तेथे पहिल्यांदा हिमनदी खाली, आपल्या डावीकडे पसरलेली दिसते. अर्ध्याहून पुढे कड्याचा माथा येतो. बहुतेकांनी येथपर्यंत आले तरी समाधान मानावे असे हे स्थान आहे, कारण येथून बर्फातल्या निळ्या भेगा स्पष्ट दिसतात. दाबाने बर्फातली हवा निघून गेली की तो घट्ट होतो आणि प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. उरतो तो हा निळा. त्यानंतर झाडझुडूप संपते, दगड आणि जुन्या हिमाचे पट्टे येतात, आडोशासाठी बांधलेली एक छोटी खोपी लागते आणि वाट जेथे संपते तेथे समोर काहीच उभे नसते. सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचे पांढरे पठार आणि त्यातून वर आलेली शिखरांची काळी टोके. या टोकांना इनुइट भाषेतून आलेला ‘नुनाटाक’ हा शब्द आहे. अशा सपाट पांढऱ्याकडे पाहताना अंतर किती, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. मी इतक्या वेळा गेलो, तरी दरवेळी चुकतो.

सह्याद्रीचा अनुभव पुरतो, पण त्यातल्या दोन सवयी येथे सोडाव्या लागतात. आपल्याला घसाऱ्यावर कारवीला धरून चढायची सवय असते. येथे वाटेकडेची झुडुपे धरू नका. मोठ्या पानांचे डेव्हिल्स क्लब देठापासून पानांखालपर्यंत बारीक काट्यांनी भरलेले असते आणि पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या काउ पार्स्निपचा रस कातडीला लागून वर ऊन पडले की फोड येतात. त्याऐवजी दोन काठ्या बाळगा. उतरताना गुडघे आपल्याला धन्यवाद देतील. दुसरी सवय ओढ्याचे पाणी तसेच पिण्याची. ते स्वच्छ दिसले तरी गाळणीयंत्राशिवाय पिऊ नका. कपड्यांत सुती काहीही नको, कारण ओले सूत वाऱ्यात अंग गारठवते; गावात पंधरा अंश असताना वर हिमक्षेत्रावरून येणारा वारा हाडे गोठवतो. जुलैच्या अखेरीसही वरच्या टप्प्यात हिम असू शकते, म्हणून बुटांना लावायचे लहान खिळ्यांचे पट्टे जवळ ठेवावेत. उजेडाची चिंता नको, त्या आठवड्यात दिवस सतरा तासांहून मोठा असतो. नेमका हाच उजेड माणसाला फसवतो; संध्याकाळ होत नाही म्हणून लोक चढत राहतात आणि पाय थकल्यावर उतरणीला पडतात. परत फिरण्याची वेळ खालीच ठरवा आणि ती पाळा.

बर्फावर पाय ठेवण्याबद्दल माझे उत्तर असे : स्वतःहून नाही. हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे कडे पूर्वसूचनेशिवाय कोसळतात आणि वरच्या बाजूस ताज्या हिमाखाली खोल भेगा झाकलेल्या असतात. परवानाधारक वाटाड्यांबरोबर मात्र क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते), शिरस्त्राण आणि दोर यांसह एक्झिट हिमनदीवर चालता येते. आपल्या मुलाला तेच हवे असेल, तर हा खर्च करण्याजोगा आहे. आरक्षण करताना वयाची अट विचारून घ्यावी.

अस्वलांबद्दल. मार्मट मेडोजच्या आसपास काळी अस्वले नेहमी दिसतात, बहुधा लांबून, झुडपांतली फळे खाताना. अपघात होतो तो अस्वल दचकल्यामुळे, म्हणून वळणांवर आणि वाहत्या पाण्याजवळ मोठ्याने बोलत राहावे, सर्वांनी एकत्र चालावे आणि समोर आलेच तर पळू नये. सावकाश मागे सरावे. अस्वलरोधक फवारा सीवर्डमध्येच विकत घ्यावा, कारण विमानात तो हातसामानात किंवा मोठ्या सामानातही नेऊ देत नाहीत. एका वर्षी आमच्या गटाने आल्डरच्या झाडीतून पूर्ण वेळ गणपतीच्या आरत्या म्हटल्या. अस्वल दिसले नाही. समोरून उतरणाऱ्या एका जोडप्याने मात्र टाळ्यांचा ताल धरला. अस्वलांइतकेच मूस या प्रचंड हरणापासूनही सावध राहा, विशेषतः सोबत पिल्लू असेल तेव्हा.

जेवणाची सोय अवघड नाही. गावात मोठे किराणा दुकान आहे. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. जुलैत खोल्या महाग असतात आणि काही महिने आधी भरतात. अँकरेजला केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वरच्या वाटेवर उत्तम टिकते. उरलेला घास आणि कागदही परत खाली आणावा, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचा शेवट गोळीने होतो.

राहिली नाव. चौथ्या दिवशी सकाळची, उपसागरातल्या उपसागरात फिरणारी चार तासांची फेरी आत्ताच आरक्षित करा. ती सहाच्या गाडीआधी आरामात परत येते आणि उघड्या समुद्रात जात नसल्यामुळे सासूबाईंना लाटांचा त्रास कमी होतो. पफिन पक्षी, समुद्रसिंह, पाणमांजरे बहुधा दिसतात, देवमासा नशिबावर. समुद्रात कोसळणारी हिमनदी पाहायची असेल तर आयालिक किंवा होलगेट या हिमनद्यांकडे जाणारी सहा तासांची फेरी लागते आणि त्यासाठी आयालिक भूशिराबाहेरच्या खुल्या पाण्यातून जावे लागते, जेथे नावेतली निम्मी माणसे मळमळीने आडवी झालेली मी पाहिली आहेत. मोकळ्या दोन दिवसांपैकी जो चढाईला लागला नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन वाऱ्याचा अंदाज आणि शिल्लक जागा विचारा. जायचे ठरले तर मळमळीची गोळी नाव सुटण्याच्या तासभर आधी घ्या. लाट लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.